नाव, पत्ता आणि न उठणारा संगणक

शाळेच्या संगणक कक्षात अधूनमधून येणारा हा प्रसंग बऱ्याच शिक्षकांच्या परिचयाचा असेल. काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेला लिनक्सचा संगणक आज सकाळी सुरू करावा, तर काळ्या पडद्यावर दोन-चार अक्षरे उमटतात आणि सारे थंडावते. कोणीतरी म्हणते, ‘हार्ड डिस्क गेली.’ दुसरा सल्ला देतो, ‘फॉरमॅट करा आणि सगळे पुन्हा भरा.’ दुपारपर्यंत डिस्क कोरी होते, लिनक्स नव्याने बसते आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प, गुणांचे तक्ते, वर्षभर जमवलेल्या प्रश्नपत्रिका कायमच्या पुसल्या जातात.

अशा पुष्कळ प्रसंगी डिस्कला काहीही झालेले नसते. साऱ्या फाइली जागच्या जागी सुखरूप असतात. बिघडलेली असते एक छोटी गोष्ट. संगणक ज्या जागी आपली प्रणाली शोधायला जातो, त्या जागी ती आता नसते. नाव एकीकडे आणि पत्ता भलतीकडे अशी ही चुकामूक असते. ती कोठे झाली हे ओळखता आले, तर दुरुस्तीला फार वेळ लागत नाही आणि एकही फाइल गमवावी लागत नाही. ही चुकामूक कशी होते आणि तिचा माग कसा काढायचा, ते या लेखात पाहू.

(लेखातील आज्ञा व फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची असतात.)

स्वतःला उचलणारे यंत्र

संगणक सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. पायातल्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलण्याची अशक्य कल्पना या शब्दामागे आहे. अडचण खरीच आहे. डिस्कवरील फाइल वाचायची तर प्रणाली चालू असावी लागते. पण प्रणाली स्वतःच डिस्कवर फाइलच्या रूपात झोपलेली असते. मग तिला जागे कोणी करायचे?

उत्तर असे की, हे काम एकाच उडीत न होता पायरीपायरीने होते. प्रत्येक पायरीवरचा कार्यक्रम पुढच्यापेक्षा लहान आणि कमी हुशार असतो. त्याने एवढेच करायचे, की पुढच्याला शोधून स्मृतीत आणायचे आणि सूत्रे त्याच्या हाती द्यायची.

जुन्या पद्धतीच्या संगणकात पहिली पायरी म्हणजे मुख्य फळ्यावरील चिपमध्ये असलेला बायोस. बायोसला फाइल म्हणजे काय, डिरेक्टरी म्हणजे काय हे ठाऊक नसते. तो डिस्कवरचा सर्वांत पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, उचलतो, स्मृतीत ३१७४४ या क्रमांकाच्या जागी ठेवतो आणि तेथे असेल ती आज्ञावली चालवू लागतो. या सेक्टरला ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ म्हणतात. त्याच्या ५१२ बाइटांची वाटणी अशी: ४४६ बाइट कार्यक्रमाला, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या, म्हणजे पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या शिक्क्याला.

४४६ बाइट म्हणजे किती? या लेखातले दोन-तीन परिच्छेदही त्यात मावणार नाहीत. एवढ्या जागेत डिस्कची सारी रचना समजणारा कार्यक्रम लिहिणे शक्य नसते. म्हणून तेथे असतो बूटलोडरचा पहिला तुकडा. तो दुसऱ्या, मोठ्या तुकड्याला बोलावतो. दुसरा तुकडा कर्नेलला आणतो. कर्नेल बाकीची प्रणाली उभी करतो.

कर्नेल आणि त्याची पाटी

कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. (लष्करातल्या कर्नलशी त्याचे काही नाते नाही!) स्मृतीचे वाटप, डिस्क, कळफलक, जाळे यांचा सारा कारभार तो पाहतो. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जो लिहायला घेतला, तो हाच कर्नेल. ‘लिनक्स’ हे नाव काटेकोरपणे त्याचेच आहे.

डिस्कवर हा कर्नेल एक साधी फाइल असतो. तिचे नाव बहुधा ‘व्हीएमलिनझ’ या शब्दाने सुरू होते. त्यातला ‘व्हीएम’ म्हणजे व्हर्च्युअल मेमरी, आभासी स्मृती. शेवटचा ‘झेड’ सांगतो की फाइल दाबून लहान केलेली आहे. पुढे आवृत्तीचा क्रमांक येतो. उदाहरणार्थ, डेबियन ११ (२०२१) या वितरणाबरोबर ५.१० मालिकेचा कर्नेल आला आणि डेबियन १२ (२०२३) बरोबर ६.१ मालिकेचा. संगणक अद्ययावत करताना नवा कर्नेल जुन्याच्या शेजारी येऊन बसतो. जुना लगेच काढत नाहीत, कारण नवा बिघडला तर परत फिरायला वाट हवी.

आता प्रश्न येतो की, एकाहून अधिक कर्नेल असताना ‘सध्याचा’ कोणता? दर वेळी आवृत्तीचा लांबलचक क्रमांक लिहिण्याऐवजी एक सोय केलेली असते. नुसत्या ‘व्हीएमलिनझ’ नावाची एक पाटी लावतात आणि तिच्यावर लिहितात, ‘खरी फाइल अमुक ठिकाणी आहे.’ अशा पाटीला सिमलिंक म्हणतात. आपण तिला ‘दुवा’ म्हणू. डेबियनमध्ये मूळ डिरेक्टरीत ‘व्हीएमलिनझ’ हा दुवा नव्या कर्नेलकडे आणि ‘व्हीएमलिनझ.ओल्ड’ हा दुवा आधीच्या कर्नेलकडे बोट दाखवतो. नवा कर्नेल आला की दोन्ही पाट्या एकेक पाऊल पुढे सरकतात.

दुव्याचे स्वरूप नीट ध्यानात घ्यायला हवे. त्यात कर्नेल नसतो, कर्नेल डिस्कवर कोठे आहे याचा क्रमांकही नसतो. त्यात फक्त दुसरे एक नाव लिहिलेले असते. ‘मुख्याध्यापक’ या शब्दासारखाच हा प्रकार आहे. शाळेला पत्र लिहिताना आपण ‘मा. मुख्याध्यापक’ असे लिहितो. त्या खुर्चीवर आज कोण आहे, याची चौकशी पत्र पोचते त्या क्षणी होते. मुख्याध्यापक बदलले तरी पत्र योग्य व्यक्तीला मिळते. मात्र पद रिकामे असेल तर पत्र कोणालाच मिळत नाही. दुव्याचेही असेच होते. तो ज्या नावाकडे बोट दाखवतो, ती फाइल पुसली तरी दुवा तसाच राहतो. एरवी तो ठीकठाक दिसतो, पण उघडायला गेले की ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते.

पत्ता पाठ करणारा लिलो

१९९० च्या दशकात लिनक्स सुरू करण्याचे काम बहुतांश ठिकाणी लिलो करीत असे. लिलो म्हणजे लिनक्स लोडर; वर्नर आल्मेसबर्गर यांनी तो लिहिला. त्याचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला. तरी जुन्या यंत्रांवर तो अजून भेटतो आणि स्लॅकवेअर या वितरणाच्या १५.० (२०२२) या आवृत्तीतही तो आहे. आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. नाव आणि पत्ता यांतला फरक त्याच्याइतका स्वच्छ दुसरे कोणी शिकवत नाही.

लिलोच्या सुरुवातीच्या तुकड्यांना लिनक्सची फाइलरचना वाचता येत नाही. मग कर्नेलची फाइल त्यांना सापडते कशी? यासाठी लिलोने एक युक्ती केली. प्रणाली चालू असताना आपण ‘लिलो’ ही आज्ञा देतो. त्या वेळी लिलो आपल्या सूचनापत्रात लिहिलेले कर्नेलचे नाव वाचतो, ते दुवा असेल तर त्याच्या टोकापर्यंत जातो, खरी फाइल डिस्कच्या कोणत्या कोणत्या सेक्टरांत आहे हे प्रणालीला विचारतो आणि ते सारे क्रमांक ‘मॅप’ नावाच्या फाइलीत उतरवून ठेवतो. पुढे संगणक सुरू होताना नावाचा प्रश्नच उरत नाही. लिलो यादीतले सेक्टर एकामागून एक उचलतो आणि स्मृतीत नेऊन ठेवतो.

म्हणजे, पत्रावर ‘मुख्याध्यापक’ असे न लिहिता लिलोने एकदा चौकशी करून त्यांच्या घराचा क्रमांक पाठ केला. आता मुख्याध्यापकांची बदली झाली, शाळेतली पाटी बदलली, तरी लिलो जुन्याच घरी जाणार. त्याला नवा क्रमांक सांगायचा तर ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा द्यायला हवी. ती द्यायची राहिली, तर तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार: जुना कर्नेल डिस्कवर अजून आहे. संगणक सुरू होतो, पण जुन्या कर्नेलवर. आपण दुवा बदलला, तो नव्याकडेच बोट दाखवतो आहे, आणि तरीही नवा कर्नेल चालत नाही, या कोड्याचे उत्तर येथे आहे. चालू असलेल्या कर्नेलची आवृत्ती ‘यूनेम -आर’ ही आज्ञा सांगते. तिचे उत्तर आणि दुव्यावरचे नाव जुळत नसेल, तर निदान झाले.

दुसरा प्रकार: जुन्या कर्नेलची फाइल पुसली आहे. तरीही संगणक सुरू होतो! याचे नवल वाटेल. पण फाइल पुसली की प्रणाली साधारणपणे तिचे नाव काढून टाकते आणि तिच्या जागा ‘मोकळ्या’ म्हणून नोंदवते. त्या जागांतला मजकूर लगेच खरवडून काढत नाही. भाडेकरू कागदोपत्री गेला, पण अजून घरातच आहे. लिलो त्या घरी जातो आणि त्याला कर्नेल मिळतो.

तिसरा प्रकार: काही दिवसांनी कोणी विद्यार्थी एखादे मोठे चित्र साठवतो आणि ते नेमके त्या मोकळ्या जागांवर लिहिले जाते. दुसऱ्या दिवशी लिलो पाठ केलेल्या पत्त्यावर जातो आणि कर्नेल म्हणून चित्राचे तुकडे उचलतो. संगणक उठत नाही. ‘काल तर व्यवस्थित चालला होता, कोणी काहीच केले नाही’ ही तक्रार अगदी खरी असते. कारण घडले आठवड्यापूर्वी आणि परिणाम दिसला आज. रोगाची लागण आणि लक्षणे यांत जसा काळ जातो, तसाच.

चार अक्षरांचे निदान

लिलो आपले नाव पडद्यावर एका दमात लिहीत नाही. एक पायरी पार पडली की एक अक्षर, असे ते उमटते. त्यामुळे नाव जेथे तुटते तेथे साखळी तुटलेली असते.

काहीच उमटले नाही, तर लिलोचा कोणताच भाग स्मृतीत आलेला नाही. नुसते ‘एल’ आणि सोबत दोन अंकी संकेतांक आला, तर पहिला तुकडा चालला, पण त्याला दुसरा तुकडा डिस्कवरून उचलता आला नाही. ‘एलआय’ येथे थांबले, तर दुसरा तुकडा मिळाला, पण तो चालू शकला नाही. ती फाइल जागेवरून हलली आणि ‘लिलो’ आज्ञा पुन्हा दिली नाही, हे त्याचे एक नेहमीचे कारण. ‘एलआयएल’ म्हणजे दुसरा तुकडा चालू झाला, पण मॅप फाइलीतला तक्ता त्याला वाचता आला नाही. ‘एलआयएल’ च्या पुढे प्रश्नचिन्ह आले, तर दुसरा तुकडा स्मृतीत चुकीच्या जागी बसला. आडवी रेघ आली, तर तक्ता मिळाला पण तो बिघडलेला आहे. चारही अक्षरे पूर्ण आली, की लिलोचे सारे भाग जागेवर आहेत. दोष पुढे कोठे तरी शोधायचा.

यांपैकी अनेक लक्षणांचे आणखी एक कारण सांगतात, ते म्हणजे डिस्कच्या मापांबद्दल बायोस आणि लिनक्स यांच्यात असलेला मतभेद. जुना बायोस डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड व सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगे आणि सिलिंडरसाठी त्याच्याकडे १० बिट, म्हणजे १०२४ क्रमांक होते. १०२४ सिलिंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर आणि प्रत्येकी ५१२ बाइट यांचा गुणाकार सुमारे ८.४ अब्ज बाइट येतो. त्यापलीकडे ठेवलेला कर्नेल बायोसच्या हातीच लागत नसे. ‘बूट’ नावाचा छोटा विभाग डिस्कच्या सुरुवातीलाच करण्याची प्रथा पडली, तिच्यामागे हे एक कारण होते.

नकाशा वाचणारा ग्रब

आज बहुतेक लिनक्स वितरणांत ग्रब हा बूटलोडर असतो. ग्रब म्हणजे ग्रँड युनिफाइड बूटलोडर. नाव ऐकून भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ‘ग्रँड युनिफाइड थिअरी’ आठवेल. एरिख बोलिन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. सध्या वापरात असलेल्या दुसऱ्या पिढीची २.०० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली.

ग्रबने लिलोची मुख्य उणीव दूर केली. त्याला फाइलरचना वाचता येते. संगणक सुरू होताना तो स्वतः डिरेक्टरी उघडतो, नावावरून फाइल शोधतो, वाटेत दुवा लागला तर त्याच्यामागे जातो. म्हणून कर्नेल बदलल्यावर डिस्कच्या पहिल्या सेक्टरला हात लावावा लागत नाही. मात्र ग्रबच्या अगदी पहिल्या तुकड्यालाही ५१२ बाइटांतच राहावे लागते, आणि त्याच्याजवळ पुढच्या तुकड्याचा सेक्टर क्रमांकच लिहिलेला असतो. निदान एका पायरीपुरता तरी पाठ केलेला पत्ता टळत नाही.

ग्रबबाबत होणारे घोटाळे मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला, दुवा बदलला पण मेनू बदलला नाही. ग्रबचा मेनू एका सूचनाफाइलीतून येतो. ती तयार करणारा कार्यक्रम बूट डिरेक्टरीतील आवृत्ती-क्रमांक असलेल्या कर्नेल फाइली शोधून त्यांची यादी करतो. नुसत्या ‘व्हीएमलिनझ’ या पाटीकडे तो सहसा पाहत नाही. त्यामुळे पाटी फिरवून कर्नेल बदलेल अशी अपेक्षा ठेवली, तर निराशा पदरी पडते. डेबियन व उबुंटूत ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा यादी नव्याने करते. कर्नेलची फाइल हाताने पुसली आणि ही आज्ञा दिली नाही, तर मेनूत त्याचे नाव राहते आणि निवडल्यावर ‘फाइल सापडत नाही’ असे उत्तर येते.

दुसरा घोटाळा बूट डिरेक्टरी वेगळ्या विभागात असल्यामुळे होतो. लिनक्स चालू असताना तो विभाग ‘बूट’ या नावाखाली जोडलेला दिसतो. पण ग्रबच्या वेळी काहीच जोडलेले नसते. तो विभाग त्याला सुटा दिसतो आणि त्यात ‘बूट’ नावाची डिरेक्टरी नसते. आता मूळ डिरेक्टरीतील दुव्यावर ‘बूट डिरेक्टरीतील अमुक फाइल’ असे लिहिले असेल, तर लिनक्सला तो पत्ता बरोबर वाटतो आणि ग्रबला तो सापडतच नाही. एका विभागातला दुवा दुसऱ्या विभागात नेणारा असेल, तर ग्रब तेथवर जाऊ शकत नाही. यावर जुन्या जाणकारांनी एक गमतीदार उपाय काढला होता. बूट विभागातच ‘बूट’ नावाचा एक दुवा करायचा आणि तो त्याच डिरेक्टरीकडे वळवायचा. मग दोन्ही बाजूंनी पत्ता खरा ठरतो.

तिसरा, ग्रबला स्वतःचे घरच सापडत नाही. विभागांची मोडतोड केल्यावर असे होते. येथेही पडदा निदान सांगतो. ‘ग्रब रेस्क्यू’ अशी खूण आली, तर गाभ्याचा तुकडा चालू आहे, पण बाकीचे भाग ज्या डिरेक्टरीत आहेत ती त्याला मिळाली नाही. नुसती ‘ग्रब’ अशी खूण आली, तर भाग मिळाले, पण मेनूची फाइल मिळाली नाही. दोन्ही वेळी ‘एलएस’ ही आज्ञा देता येते. समोर विभागांची नावे दिसली, तर मोठा धीर येतो, कारण डिस्क जिवंत आहे याचा तो पुरावा असतो.

कर्नेल आला, तरी पुढे

कर्नेल स्मृतीत पोचला, पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या आणि शेवटी ‘कर्नेल पॅनिक’ येऊन सारे थांबले, तर बूटलोडर निर्दोष आहे. बहुधा मूळ विभाग सापडला नाही, असा मजकूर त्याआधी असतो. येथेही पुन्हा नावाचाच प्रश्न असतो.

कर्नेलसोबत बूटलोडर ‘इनिटआरडी’ नावाची आणखी एक फाइल आणतो. मूळ विभाग उघडण्यापूर्वी लागणारी हत्यारे तीत असतात. कर्नेल आणि ही फाइल यांची जोडी जुळलेली हवी. एका दुव्याने ६.१ कडे आणि दुसऱ्याने ५.१० कडे बोट दाखवले, तर कुलूप एक आणि किल्ली दुसरी अशी गत होते. बूट विभाग लहान असेल आणि जुन्या कर्नेलांनी भरून गेला असेल, तर नवी इनिटआरडी अर्धवट लिहिली जाण्याचाही धोका असतो.

दुसरे कारण विभागाच्या नावाचे. पूर्वी जुन्या धर्तीच्या डिस्कला लिनक्समध्ये ‘एचडीए’ म्हणत. २००७ च्या सुमारास वितरणांनी नवे चालक कार्यक्रम स्वीकारले आणि तीच डिस्क ‘एसडीए’ झाली. सूचनाफाइलीत जुने नाव राहिलेले संगणक तेव्हा अडले. शिवाय दुसरी डिस्क जोडली की ‘ए’ची ‘बी’ होऊ शकते. म्हणून आता विभागाला यूयूआयडी, म्हणजे १२८ बिटांची स्वतंत्र ओळखसंख्या देतात आणि तिच्यावरूनच तो शोधतात. मात्र विभाग नव्याने फॉरमॅट केला, की ही संख्याही बदलते.

नव्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआय या पद्धतीने घेतली आहे. ती फाइली वाचू शकते. त्यासाठी डिस्कवर फॅट पद्धतीचा एक छोटा विभाग ठेवलेला असतो. तेव्हा ४४६ बाइटांची अडचण संपली. पण फॅटमध्ये सिमलिंक करताच येत नाही. ज्या रचनेत कर्नेल थेट त्या विभागात ठेवतात, तेथे पाटी चालत नाही. खरी फाइलच नेऊन ठेवावी लागते आणि प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर ती बदलावी लागते.

तपासाची रीत

आता कृतीकडे वळू. पहिला नियम असा की, कारण कळेपर्यंत डिस्कवर काही लिहायचे नाही. फॉरमॅट तर नाहीच. मग पुढील क्रमाने जावे.

१. पडद्यावर जे दिसते ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यावे. साखळी कोठवर आली, हे त्यावरून ठरते.

२. शेवटचे काय बदलले, हे विचारावे: कर्नेल, विभाग, डिस्क, की शेजारी बसवलेली विंडोज? विंडोज बसवताना पहिल्या सेक्टरातले ४४६ बाइट बदलले जाऊन लिनक्स ‘नाहीसे’ झाल्याची उदाहरणे जुन्या संगणकांवर पुष्कळ आहेत. तेथे लिनक्सच्या फाइली जशाच्या तशा असतात.

३. मेनू दिसत असेल, तर त्यातून आधीचा कर्नेल निवडून पाहावा. तो चालला तर अर्धे काम झाले.

४. मेनूच नसेल, तर लिनक्सच्या ‘लाइव्ह’ पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. डिस्कचे विभाग केवळ वाचण्यापुरते जोडावेत आणि महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. यानंतर मनावरचा ताण एकदम उतरतो.

५. ‘एलएस -एल’ या आज्ञेने दुवे पाहावेत. प्रत्येक दुव्यापुढे बाण आणि त्याने दाखवलेले नाव दिसते. त्या नावाची फाइल खरोखर आहे का, तिचा आकार शून्य तर नाही ना, इनिटआरडीची आवृत्ती तीच आहे का आणि बूट विभागात जागा शिल्लक आहे का, हे तपासावे.

६. दोष कळल्यावर विभाग लिहिण्यासाठी जोडून ‘सीएचरूट’ या आज्ञेने डिस्कवरच्या प्रणालीत शिरावे. बूट विभाग वेगळा असेल तर तोही आधी जोडावा. हे राहिले, तर फाइली भलत्याच जागी लिहिल्या जातात. मग दुवे सुधारावेत आणि लिलो असेल तर ‘लिलो’, ग्रब असेल तर ‘अपडेट-ग्रब’ व जरूर पडल्यास ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी. बायोसच्या संगणकावर शेवटच्या आज्ञेला डिस्कचे नाव द्यायचे असते, विभागाचे नव्हे.

एक सावधगिरीची सूचना. पहिल्या सेक्टरची प्रत काढून ठेवणे चांगले. पण ती परत बसवताना फक्त ४४६ बाइट बसवावेत. पूर्ण ५१२ बसवले, तर त्यासोबत विभागांचा जुना तक्ताही परत येतो. मधल्या काळात विभाग बदलले असतील, तर डिस्कवरच्या साऱ्या सीमाच चुकतात.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

हे सारे संगणकाशिवायही शिकवता येते. काड्यापेटीच्या तीस रिकाम्या पेट्यांवर १ ते ३० क्रमांक घाला. एका वाक्याचे तीन तुकडे करून ते ४, ९ आणि ११ या पेट्यांत ठेवा. एका कार्डावर ‘आजचे वाक्य: ४, ९, ११’ असे लिहून टेबलावर ठेवा. ‘लिलो’ गटाने हे क्रमांक वहीत उतरवून घ्यायचे आणि नंतर कार्ड पाहायचे नाही. ‘ग्रब’ गटाने काहीच उतरवायचे नाही. दर वेळी कार्ड वाचूनच पेट्या उघडायच्या.

आता दुसरे वाक्य ६, १३ आणि २० मध्ये ठेवून कार्ड बदला. जुन्या चिठ्ठ्या तशाच राहू द्या. ग्रब गट नवे वाक्य वाचतो आणि लिलो गट जुने. दोघांनाही आपले बरोबरच वाटते. मग ९ क्रमांकाच्या पेटीतली चिठ्ठी बदलून तेथे पाढ्याची एक ओळ ठेवा. लिलो गटाचे वाक्य मधेच निरर्थक होईल. शेवटी कार्डच उचलून घ्या आणि ग्रब गटाची फजिती पाहा. चिठ्ठ्या सगळ्या जागेवर आहेत, पण तेथवर नेणारे कोणी नाही.

संगणक असेल तर आणखी सोपे. ‘नववी’ आणि ‘दहावी’ अशा दोन फाइली करून ‘एलएन -एस’ या आज्ञेने ‘वर्ग’ नावाचा दुवा आधी नववीकडे, मग दहावीकडे वळवा. दर वेळी ‘वर्ग’ उघडून पाहा. नंतर ‘दहावी’ पुसून ‘वर्ग’ उघडायला सांगा. नाव दिसते आणि वस्तू नाही, हा अनुभव विद्यार्थी विसरणार नाहीत.

वस्तू हरवणे आणि वस्तूकडे जाण्याची वाट हरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न उठणाऱ्या संगणकापुढे उभे राहताना आधी त्यांतली कोणती घडली आहे, एवढे ठरवले, तर पुष्कळ विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम वाचेल.